ब्रेकबाईंचा जबाब

आमच्या चष्म्याच्या दुकानाला लागून एक अरुंद खोली आहे. काचेवर 'गाडी शिका' एवढीच अक्षरं, आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा उन्हाने फिका पडलेला तक्ता. बाहेर फुटपाथला चिकटून एक पांढरी छोटी गाडी उभी असते. तिला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारच्या सीटखाली. त्या शेजारच्या सीटवर बसणाऱ्या बाईंना तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे ब्रेकबाई. त्यांना ते माहीत होतं. एकदा एका विद्यार्थ्याने फोनवर घरी सांगितलं, "आज ब्रेकबाईंनी चारदा वाचवलं," आणि मग जीभ चावली. बाई म्हणाल्या, "पाचदा. एकदा तुला कळलंच नाही."

नाकीडोळी साध्या, बांधा किरकोळ, केस मागे घट्ट बांधलेले. बोलणं मोजकं. आरसा बघा, सावकाश, मागे राहा, असे दोन-तीन शब्द टाकत त्या अख्खा दिवस काढायच्या. दिवसभर कुणा ना कुणाच्या हातभर अंतरावर बसायचं, त्याचा घाम, त्याची भीती, त्याचे उसासे सगळं जवळून बघायचं, आणि परवाना हातात पडला की तो माणूस जो जातो तो जातोच. पेढा मिळतो, फोटो काढला जातो, नंतर ओळख नाही. "गाडी आली की माणूस जातो," असं त्या म्हणायच्या, त्यात तक्रार नसायची. रस्त्यात कधी एखादी गाडी दोनदा हॉर्न वाजवून जायची. बाई हात वर करायच्या आणि मला विचारायच्या, "कोण होतं गं?" मला तरी कुठून माहीत असणार.

शिकून झाल्यावरही घरी परत येणारा त्यांचा एकच विद्यार्थी होता, त्यांचा भाचा.

बाईंची धाकटी बहीण ऐन तिशीत विधवा झाली आणि पहिलीतल्या मुलाचा हात धरून ताईकडे आली. तेव्हापासून मागच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्यांत तिघं राहत होती. बाईंनी कमवायचं, बहिणीने घर बघायचं, अशी वाटणी कुणी न ठरवता होऊन गेली. बाईंचं लग्न राहून गेलं. का राहिलं, हे मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मध्येच पोराची शाळा आली." मुलगा आईला आई म्हणायचा आणि हट्ट मावशीकडे करायचा. अठरा पूर्ण झाल्या दिवशी त्याने मावशीच्या गाडीचं स्टिअरिंग धरलं. बाई सांगायच्या की एवढा चांगला हात त्यांनी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही, आणि एवढी घाईही.

पुढे त्याला औषधांच्या एका कंपनीत फिरतीची नोकरी लागली आणि त्याने नवी कोरी गाडी घेतली. त्याच सुमाराला मी बाईंचे डोळे तपासले. परवान्यासाठी डोळ्यांचा दाखला लागतो, म्हणून त्या विद्यार्थ्यांना आमच्याकडे घेऊन यायच्या. एका रिकाम्या दुपारी मी त्यांनाच खुर्चीत बसवलं. उजव्या डोळ्याने चष्मा लावून तक्ता खालपर्यंत वाचला. डाव्या डोळ्याने वरच्या मोठ्या अक्षरांपाशीच अडखळल्या. म्हणाल्या, "कुणी काचेवर फुंकर मारल्यासारखं दिसतंय." मोतीबिंदूची सुरुवात होती. मी त्यांना मोठ्या शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायला सांगितलं. हायवेने दोन तासांचा रस्ता. त्या बसने जाणार होत्या. भाच्याने ऐकलं नाही. नव्या गाडीत मावशीला बसवून न्यायचं, हे त्याच्या मनात केव्हापासून होतं.

त्या सकाळी काय झालं ते बाईंनी मला नंतर, एकदम नाही, तुकड्यातुकड्याने सांगितलं.

हायवेवर जाणाऱ्या दोन लेन. डावी चालायला, उजवी पुढे जायला. गर्दी नव्हती. उजव्या लेनमध्ये पुढे एक निळी छोटी गाडी चालली होती, अगदी रमतगमत, घरच्या अंगणात फेऱ्या माराव्यात तशी. डावी लेन मोकळी असूनही ती बाजूला होईना. भाच्याने लाइट मारला, हॉर्न दिला. ढिम्म. बाई म्हणाल्या, मागे राहा, कंटाळून जाईल बाजूला. तो हसून म्हणाला की याने इथे घर बांधलंय, मावशी. बरंच अंतर असंच गेलं. मग त्याने पुन्हा लाइट मारला, आणि उत्तराची वाट न बघता डाव्या लेनमध्ये गाडी घातली व पाय दाबला. बाई "नको" म्हणाल्या. तो शब्द पुरता बाहेर पडेपर्यंत निळी गाडीही डावीकडे वळली होती. इतक्या वेळाने तिला बाजूला व्हायचं सुचलं ते नेमकं तेव्हा.

बाईंचा पाय आपसूक खाली आदळला. तिथे ब्रेक नव्हता, नवं मऊ कार्पेट होतं.

निळी गाडी फिरून कठड्यावर आपटली. भाच्याच्या कपाळाला टेंगूळ आलं, बाईंच्या खांद्यावर पट्ट्याचा काळानिळा वळ उठला आणि उजव्या पायाचा तळवा पुढे कितीतरी दिवस ठणकत राहिला. निळ्या गाडीत एकटाच माणूस होता, कपडे शिवायचं काम सोडून घरी बसलेला एक म्हातारा शिंपी. त्याचं कमरेचं हाड मोडलं.

आता इथे नियम सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच अडलं. बाई तो विद्यार्थ्यांना असा शिकवायच्या: पुढे जायचं तर उजवीकडून. आतल्या, म्हणजे डाव्या लेनमधून कुणाच्या पुढे काढायची नाही, मग उजवीकडचा कितीही रेंगाळत असला तरी. सूट एकच. सगळ्याच लेन भरलेल्या आहेत, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकताहेत आणि तुमची रांग शेजारच्या रांगेपेक्षा जरा लवकर हलली, तर तो ओव्हरटेक नव्हे, ती नुसती रांग. पण तेवढ्यासाठी लेन बदलून आत शिरलात तर तो गुन्हाच.

भाच्याने तिथल्या तिथे पोलिसांना सांगून टाकलं होतं की रस्ता तुंबलेला होता, दोन्ही लेन सरकत होत्या आणि आपण पहिल्यापासून डावीकडेच होतो. खरं बोलायला घाबरलेल्या माणसाला वेळ लागतो, खोटं तयारच असतं. शिंप्याला काही आठवतच नव्हतं, त्याला फक्त मागून चमकलेला लाइट आठवत होता. रस्त्यावर त्या ठिकाणी कॅमेरा नव्हता. प्रत्यक्ष पाहणारं माणूस एकच, शेजारच्या सीटवरचं. बाईंचा खांदा बरा झाला की येऊन जबाब द्यायचा, असं ठरलं.

तेवढ्या दिवसांत त्या दोन खोल्यांत काय चाललं असेल याची कल्पना मला बहिणीने दिली. ती एका सकाळी आमच्या दुकानात आली. आधी इकडचं तिकडचं बोलली, फ्रेमा हातात घेऊन ठेवल्या, मग म्हणाली की ताईचे डोळे गेलेत हे तूच सांगितलंस ना, तेच पोलिसांना सांग. मी म्हटलं, एकाच डोळ्याला धुरकट दिसतंय, दुसरा चष्म्याने स्वच्छ आहे. तिने आणखी एक फ्रेम उचलली.

"एका डोळ्याचं सांग ना," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्याचं कोण विचारतंय?"

मला तिचा राग आला नाही. नवरा गेल्यावर तिने त्या एका पोराकडे बघत दिवस काढले होते. परवाना गेला की फिरतीची नोकरी जाणार, हे उघड होतं. आणि ती ताईकडे काही फार मोठं मागत नव्हती. खोटं बोल असंही म्हणत नव्हती. नीट दिसलं नाही, एवढंच म्हण, म्हणत होती. डोळ्यांचं निमित्त आयतं होतं. डोळ्यांच्याच दवाखान्यात तर चालली होती ना ती.

पण त्यात एक मेख होती. नीट दिसत नाही असं बाईंनी म्हटलं, तर त्यांचा शिकवायचा परवाना राहणार नव्हता. दिसलं असं म्हटलं, तर भाच्याचा गाडी चालवायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बहिणीने त्यावरही तोडगा काढला होता. ताई, तुझी किती वर्षं राहिलीत आता, तू आराम कर, तो सांभाळेल तुला, त्याचं सगळं आयुष्य पडलंय. घरी ताईला हे सांगताना ती रडली. भाचा तेव्हा दुसऱ्या खोलीत होता आणि तिथून बाहेर आला नाही.

बाई मला म्हणाल्या, "मी तयारही झाले होते गं. खरंच. म्हटलं, जाऊ दे गाडी."

मग एक दिवस त्या न सांगता शिंप्याला बघायला गेल्या.

सरकारी दवाखान्यातला लांबलचक वॉर्ड. शिंपी खिडकीपाशी पडून होता, पायाला वजन बांधलेलं. शेजारी कुणी नव्हतं. बाईंनी आपण कोण ते सांगितलं. त्याने बसा म्हटलं. तो हायवेवर आयुष्यात पहिल्यांदाच गेला होता. गाडी मुलाची, मुलगा परदेशात, गाडी नुसती उभी राहून गंजू नये म्हणून हा कधीमधी बाहेर काढायचा. डाव्या लेनमध्ये ट्रक असतात, त्यांची भीती वाटते, म्हणून तो उजवीकडे सरकला आणि तिथेच राहिला. ती लेन राहण्यासाठी नसते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"तुमच्या पोराने लाइट मारला म्हणून तर मी बाजूला झालो," तो म्हणाला. "सांगितलेलं ऐकलं, तर हे असं."

नंतर त्याने विचारलं की तुम्ही काय सांगणार आहात. बाईंनी त्याच्या उशाशी पाण्याची बाटली भरून ठेवली, त्याची पांघरुणाबाहेर आलेली पावलं झाकली आणि त्या निघाल्या. बसस्टॉपवर त्यांना कळलं की आपण बराच वेळ उभ्या आहोत आणि आपली बस येऊन गेली आहे. रस्ता तुंबलेला होता असं ठरलं, तर सगळी चूक या म्हाताऱ्याची ठरणार होती. रांगेत डावीकडे चाललेल्या गाडीवर याने आपली गाडी घातली, असंच लिहिलं जाणार होतं. मोडलेल्या हाडासकट सगळं त्याच्याच पदरात.

चौकीतल्या साहेबांसमोर बाईंनी जे सांगितलं ते थोडक्यात होतं.

"रस्ता मोकळा होता. निळी गाडी उगाच उजवीकडे रेंगाळत होती, ती त्यांची चूक. पण याने लेन बदलून आतून काढली, वेगात. मी नको म्हणाले होते."

साहेब म्हणाले की तुमच्या डोळ्यांना त्रास आहे असं तुमच्या भाच्याने सांगितलंय. बाई म्हणाल्या, डाव्या डोळ्याला आहे, उजव्याने दिसलं, हवं तर तपासून घ्या. आणि आपणहून पुढे जोडलं की ऑपरेशन होईपर्यंत मी शिकवणं बंद ठेवतेय. साहेबांनी वर पाहिलं. हे त्यांनी विचारलं नव्हतं.

खोलीच्या दारावर त्याच संध्याकाळी 'काही दिवस बंद' असा कागद लागला.

निकाल दोघांच्याही डोक्यावर पडला. शिंप्याला दंड झाला, तो बिचाऱ्याने पलंगावरूनच भरला. भाच्याचा परवाना वर्षभरासाठी गेला आणि नंतर परीक्षा नव्याने द्यायची असं ठरलं. कंपनीने त्याला काढलं नाही, पण फिरती काढून घेतली आणि मोठ्या शहरातल्या कचेरीत टेबलापाशी बसवलं. दिवसभर फोन घ्यायचे आणि माल कुठे पोहोचला ते लिहायचं. जो मुलगा घरात पाच मिनिटं एका जागी बसत नव्हता, त्याला ही शिक्षा परवान्याहून मोठी होती.

बहिणीने ताईला एकच वाक्य ऐकवलं, पण ते असं की त्यानंतर बोलायला काही उरलंच नाही.

"स्वतःचा परवाना राखायला माझ्या पोराचा घालवलास."

शिकवणं आपणच बंद केलंय, हे बाईंनी सांगून पाहिलं. बहीण म्हणाली, काही दिवसांपुरतं, डोळा झाला की पुन्हा सुरू. तेही खरंच होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावा बसला तर ओरडायचं कुणावर.

भाच्याने शहरात खोली घेतली आणि आई त्याच्याबरोबर गेली. सामान न्यायला छोटा टेम्पो आला होता. मी दुकानाच्या दारात उभी होते. बाई टेम्पोवाल्याला गाडी मागे घ्यायला मदत करत होत्या, येऊ द्या, येऊ द्या, बस, असं हाताने दाखवत. सवय जात नाही. भाचा पुढे बसला आणि त्याने खिडकीची काच वर केली. बहिणीने लहान पातेली, तवा, डबे असं रोजचं नेलं आणि मोठं पातेलं ठेवून गेली, कारण नव्या खोलीतल्या शेगडीवर ते मावणार नव्हतं. त्यानंतर बाई कितीतरी दिवस त्या तिघांच्या पातेल्यात तळाशी मूठभर भात शिजवत होत्या. मी म्हटलं की लहान एक घेऊन का येत नाही. म्हणाल्या, आणीन. आणलं नाही.

डोळ्याच्या ऑपरेशनला मी बरोबर येते म्हटलं होतं. त्यांनी सांगितलं की बहीण शहरातच आहे, ती येणार आहे दवाखान्यात. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान एवढ्या निमित्ताने तरी. पुढच्या आठवड्यात त्या काळा चष्मा लावून दुकानात आल्या आणि मी बहिणीची चौकशी केली, तेव्हा त्या जरा हसल्या. बहिणीला त्यांनी कळवलंच नव्हतं. पट्टी बांधून एकट्याच बसने परत आल्या होत्या. दवाखान्यात नर्सने सोबत कोण आहे असं विचारलं, तेव्हा त्यांनी ठोकून दिलं होतं की बहीण खाली गाडी लावतेय. नर्स दोनदा येऊन विचारून गेली. दोन्ही वेळा यांनी सांगितलं की पार्किंगला जागा मिळत नसेल. शेवटी शेजारच्या पलंगावरच्या बाईच्या सुनेने यांना हाताला धरून खाली आणलं आणि इकडे तिकडे बघत विचारलं, कुठली गाडी तुमची?

बहिणीने आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नव्हता. हे सांगताना बाईंना हसू आवरेना आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

दार उघडलं आणि कागद निघाला, पण विद्यार्थी लवकर आले नाहीत. तेवढ्यात पलीकडच्या रस्त्यावर दुसरी शाळा निघाली होती, चकचकीत, चार गाड्यांची. शिवाय लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. सख्ख्या भाच्यावर उलटली, ती परक्यांचं काय करेल, असं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. तेच लोक एरवी खरं बोलावं म्हणून पोरांच्या पाठीत धपाटे घालतात. मला गाडी शिकायची काही गरज नव्हती. घर चालत जाण्याच्या अंतरावर, वय चाळिशीला टेकलेलं. तरी मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, मला शिकवा. बाईंनी एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना कळलं असावं. "डोळ्यांचा दाखला तुझा तूच देणार की काय?" एवढंच विचारलं.

मी वाईट विद्यार्थिनी होते. क्लच सोडला की गाडी उंदीर दिसल्यासारखी उडी मारायची. बाईंचा पाय त्यांच्या ब्रेकवर सतत हलका टेकलेला असायचा, आणि ते जाणवलं की मला धीर यायचा. हळूहळू हात बसला आणि एका सकाळी त्यांनी मला हायवेवर नेलं.

आठवणीत राहावं असं काही घडलं नाही तिथे. उजव्या लेनमध्ये एक गाडी रेंगाळत होती आणि मी तिच्या मागे अडकले होते. डावीकडे मोकळं होतं. माझ्या मागचा हॉर्न वाजवायला लागला. मी विचारलं, जाऊ का आतून? बाई म्हणाल्या, नाही, मागे राहा. मागच्याने वाट बघितली नाही, तो सूंकन डावीकडून दोघांच्याही पुढे निघून गेला. काहीही झालं नाही त्याला. मी म्हटलं की बघा, गेला की तो.

"जातात," बाई म्हणाल्या. "रोज जातात. बहुतेकांना काही होत नाही."

त्यांनी आरशातून मागचा रस्ता पाहिला. मग समोर बघतच म्हणाल्या, "बहीण म्हणते ते अगदीच खोटं असेल, असंही नाही. साहेबांपुढे उभी होते तेव्हा गाडीचा विचार मनात आला होता. शिंप्याचा आधी आला की गाडीचा आधी, आता नाही सांगता येत. आपल्या मनात बघायला आरसा कुठे बसवलेला असतो?"

माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, ते एका परीने बरंच झालं.

माझा परवाना आला. मी पेढे दिले, फोटो काढला. गाडी घेणार नव्हतेच, त्यामुळे मी कुठे गेले नाही, शेजारीच राहिले. संध्याकाळी दुकान बंद करताना बाई दारात येऊन उभ्या राहायच्या. घरी जायची घाई नसायची. गप्पा संपल्या तरी कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघायच्या, किल्ली पर्समध्ये ठेवायच्या, पुन्हा काढून बघायच्या. अशा मिनिटभराच्या कामांना त्या पाच मिनिटं लावायच्या. मी थांबायचे. काही दिवस नाही थांबता यायचं.

वर्ष उलटून गेल्यावर एका दुपारी भाचा आमच्या दुकानात आला. थोडा सुटला होता, केस विरळ झाले होते. नव्याने परवाना काढायचा म्हणून डोळ्यांचा दाखला हवा होता. दाखला शहरातही मिळतो, दर दोन गल्ल्यांना एक दुकान आहे. मी त्याला खुर्चीत बसवून तक्ता लावला. तो अक्षरं वाचत होता आणि मध्येच काचेतून बाहेर बघत होता. बाहेर पांढरी गाडी नव्हती. दाखला हातात घेऊनही तो उठेना. शेवटी त्याने विचारलं की मावशी कशी आहे. मी म्हटलं, येतीलच इतक्यात, तूच विचार.

गाडी आली. एक मुलगी चालवत होती, ती खूप वेळ घेऊन फुटपाथला लावत होती. बाईंनी त्याला पाहिलं असणार, पण मान वळवली नाही. शिकणारीचं लक्ष उडालं असतं. गाडी लागली, मुलगी उतरली, तिला काय चुकलं ते शांतपणे सांगितलं, उद्याची वेळ दिली, आणि मग बाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी दुकानाच्या दारात काच पुसत होते. आत जायला हवं होतं, गेले नाही.

बाईंनी विचारलं की जेवलास का. तो हो म्हणाला. नोकरीचं विचारलं, खोलीचं विचारलं, आईच्या गुडघ्याचं विचारलं. तो उत्तरं देत होता. तिकडच्या शाळेत नाव घातलंय, पुढच्या महिन्यात परीक्षा आहे, असं म्हणाला. बाईंनी मान हलवली. तिकडच्या रस्त्यांवर शिकलेलं बरं, म्हणाल्या.

मग तो थांबला आणि खाली बघत म्हणाला, "रस्ता मोकळा आहे हे मी बघितलं होतं, मावशी. मोकळा होता म्हणूनच तर गेलो."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"डोळ्यांचं पोलिसांना सांगायचं, ते मला सुचलं होतं. आईला नाही."

हात पुढे करून त्यांनी त्याच्या शर्टाची दुमडलेली कॉलर सरळ केली. तुझ्या आईला सांग हे, म्हणाल्या. तो म्हणाला, सांगितलंय, तिचा राग गेला नाही. आता तो दोघांवर आहे. त्याला परतीची बस गाठायची होती. तो गेला, वळणावर त्याने एकदा मागे वळून बघितलं. बाईंनी हात वर केला, आणि यावेळी कोण होतं ते त्यांना मला विचारावं लागलं नाही.

तो पुन्हा आलेला नाही. परीक्षा पास झाल्याचं त्याने फोन करून कळवलं, फिरतीची नोकरीही परत मिळाली. अधूनमधून एखादा फोन येतो, बहुतेक घाईतला. शिंपी काठी घेऊन चालायला लागला आहे, त्याने मुलाची गाडी विकून टाकली. बाईंची खोली चालू आहे. विद्यार्थी येतात, पेढे देतात, जातात.

बहिणीला बाई दर रविवारी सकाळी फोन करतात. आधी ती उचलायची नाही. मग उचलून ठेवून द्यायला लागली. हल्ली उचलते, हं म्हणते, आणि फोन ओट्यावर ठेवून आपलं काम करत राहते, बंद करत नाही. बाई बोलत नाहीत. पलीकडे नळ सुटतो, भांडी लागतात, कुणीतरी चमचा खाली पाडतं. बाई खुर्चीत बसून ते ऐकत राहतात, पलीकडचा स्वयंपाक होईपर्यंत.